बेचाळीस मुद्द्यांची खोली

१० ऑगस्ट, सकाळी ७
मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला. होस्टेल भरलेले. बाहेर खोली बघायची. ३१ तारखेपर्यंत ऑफिसात इथला पत्ता दिला नाही, तर प्रयोगशाळेतली तिची जागा यादीतल्या पुढच्याला. तोवर ती होस्टेलच्या पाहुण्यांच्या हॉलमध्ये, मी समोरच्या लॉजवर.
एकवीस दिवस. मला चार पुरेत. रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षे सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या काळात एकही अपघात नाही. बोटाचा धरत नाही.

११ ऑगस्ट
फॉर्म तयार केला. बेचाळीस मुद्दे. दार, कडी, जिना, वायरिंग, रस्त्यावरचे दिवे, शेजारी. प्रत्येकापुढे समाधानकारक किंवा असमाधानकारक. एक जरी असमाधानकारक निघाला तरी खोली रद्द.
मुलगी म्हणाली, बाबा, आपलं घर यात किती मुद्द्यांवर पास होईल? प्रश्न गैरलागू.
संध्याकाळी मनातल्या मनात मोजले. एकोणीस.

१३ ऑगस्ट
पहिली खोली. पाचवा मजला, खिडकीत झाड. मुलीला आवडली. दाराची जाडी मोजली. अठ्ठावीस मिलिमीटर. लाथेने तुटेल. एजंट म्हणाला, साहेब, लाथ कोण मारतंय? मी म्हणालो, अपघाताच्या आदल्या दिवशी सगळे हेच विचारतात. वाक्य चांगले जमले. एजंटने घड्याळाकडे पाहिले.
रद्द. मुलगी माझ्या पुढे भराभर जिना उतरली. पटले असावे.

१६ ऑगस्ट
दोन खोल्या. पहिलीच्या खिडक्यांना गज नाहीत. कोणीही आत येईल. दुसरीच्या खिडक्यांना गज आहेत. आग लागली तर बाहेर कसे पडायचे? दोन्ही रद्द.
मुलगी म्हणाली, गज नसले तर चोर, गज असले तर आग. मी कशाने मरायचं ते एकदा ठरवा, म्हणजे त्या हिशेबाने बघू. विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे.

१८ ऑगस्ट
शिवणकामाच्या दुकानावरची खोली. मालकीण शिंपीण. खालीच दिवसभर बसते, येणारा-जाणारा तिच्या नजरेखालून जातो. एकेचाळीस मुद्दे समाधानकारक! राहिली फक्त गॅसच्या नळीवरची तारीख. अक्षर बारीक. चष्मा लॉजवर राहिलेला. आणायला गेलो. येऊन-जाऊन चाळीस मिनिटे.
तेवढ्यात दोघी बहिणी आल्या, आत डोकावल्या, हो म्हणाल्या. खोली गेली.
शिंपीण म्हणाली, अहो, नळी तर मी उद्याच बदलणार होते. तुमच्या पोरीनं तारीख वाचूनपण दाखवली असती. तिला विचारलंत का?
मुलगी फुटपाथवर बसून रडली. समजावले, घाईत घेतलेली खोली पुढे भोवते. ती म्हणाली, घाई त्यांनी केली आणि भोवली मला.
निश्चय: चष्म्याला दोरी लावणे.

२० ऑगस्ट
एजंट फोन उचलत नाही. लॉजवाल्याच्या फोनवरून केला. उचलला. मी हॅलो म्हणताच कट झाला. या भागात नेटवर्कचा त्रास दिसतो.
मुलीच्या वर्गातली एक उंच मैत्रीण आहे. ती लॉजच्या मागच्या गल्लीत राहते. तीन मजली इमारत, सगळ्या विद्यार्थिनी, मालकीण दातांची डॉक्टर. तिथली एकजण २८ ला खोली सोडते आहे. मुलगी म्हणाली, बाबा, ही मी बघते. बरे म्हणालो. पण परिसराची तपासणी केल्याशिवाय मुलीला कुठेही पाठवणार नाही.

२१ ऑगस्ट
दुपारी ३ ते संध्याकाळी ७. इमारतीसमोरच्या बाकावर बसलो. ऊन होते म्हणून टोपी आणि काळा चष्मा. कोण किती वाजता येते, कोणाबरोबर येते, सगळे टिपले. दुसरा मजला, डावी खिडकी, दिवा ६.४०. तिसरा मजला, पडदा अपुरा.
दोन मुली मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या. सावध आहेत. समाधानकारक.

२३ ऑगस्ट
तिसरा दिवस. नोंदी अकरा पाने. गॅलरीतून एकीने फोटो काढला. बहुधा सूर्यास्ताचा.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी
व्हायचे तेच झाले. उंच मैत्रिणीने मुलीला त्यांच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. गल्लीत चार दिवसांपासून एक इसम बसतो, खिडक्यांकडे बघून वहीत लिहितो, एकटीने जाऊ-येऊ नका.
मी ताठ बसलो. म्हणालो, बघ! आणि हाच भाग तुला हवा होता. मी स्वतः चार दिवस तिथे असून मला तो दिसला नाही, म्हणजे किती सराईत असेल!
मुलीने फोनवर मेसेज खाली सरकवला. मग म्हणाली, बाबा, फोटोपण आहे. आणि फोन पुढे केला.
फोटो लांबून काढलेला, हललेला. टोपी माझ्यासारखी आहे. तशा टोप्या पुष्कळ लोक घालतात. तिला तसे सांगितले. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आता त्या गल्लीत पाऊल टाकू नका, मी त्यांच्याशी बोलते.
पोरगी घाबरली आहे. उद्या जाऊन त्या माणसाला पकडतोच.

२५ ऑगस्ट
दुपारी ४ ला बाकावर. टोपी काढून ठेवली, वेषांतर म्हणून.
४.१० ला गेटवरची बाई काठी घेऊन आली. मागे दातांची डॉक्टर आणि सहा मुली. बाई म्हणाली, काय काका, रोजची हजेरी? कसली वही ती? मी आनंदाने दिली. काम पाहून खात्री पटेल.
एका मुलीने मोठ्याने वाचले. दुसरा मजला, डावी खिडकी, दिवा ६.४०. दुसरी म्हणाली, ती माझी खिडकी. मग पडद्याची नोंद वाचली गेली. दुसऱ्याच्या तोंडून ते वेगळे वाटते.
मी म्हणालो, मीही त्यालाच शोधतोय. कोणी हसले नाही.
मी माझ्या मुलीचा नंबर दिला, तिला फोन गेला. पळत आली. म्हणाली, माझे बाबा आहेत. वाचणाऱ्या मुलीने विचारले, नक्की?
मुलगी थोडी थांबली. मग हो म्हणाली.

२७ ऑगस्ट
मुलगी बोलत नाही. बायकोला फोन केला. ती म्हणाली, मला सगळं कळलंय, आणि बराच वेळ फोन तोंडापासून लांब धरला. हसत होती की काय, कळले नाही.
चार दिवस राहिले. फॉर्म लांबला आहे खरा. एकतीस मुद्द्यांवर आणता येईल.

२९ ऑगस्ट
मुलगी सकाळी एकटीच त्या इमारतीत गेली. मला म्हणाली, लॉजच्या बाहेर पडायचं नाही. पडलो नाही. खिडकीतूनसुद्धा पाहिले नाही. सवय मोडणे अवघड.
दुपारी आली. खोली मिळाली. तिथे कोणाला घ्यायचे ते मुलीच ठरवतात. सहापैकी चार हो म्हणाल्या. उरलेल्या दोघींनी अट घातली, वडील गेटच्या आत नकोत.
विचारले, दार किती जाड आहे? म्हणाली, माहीत नाही. विचारले, कडी? म्हणाली, आहे. मग फॉर्म नको तर कशावर विश्वास ठेवलास?
म्हणाली, बाबा, त्यांनी तुम्हाला चार दिवसांत पकडलं.
हा मुद्दा फॉर्ममध्ये नव्हता. 

३१ ऑगस्ट
ऑफिसात पत्ता दिला. जागा पक्की. ट्रंक आणि गादी गेटपर्यंत पोचवली. पुढे गेटवरच्या बाईने उचलली. जिन्याला कठडा आहे का ते मात्र गेटमधून दिसत नाही. तीन पावले बाजूला सरकून पाहिले, तरी नाही.

१ सप्टेंबर, बसमध्ये
निघताना मुलगी स्टँडवर आली होती. डॉक्टरणीचा एक कागद भरत होती. तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. मी खिशातून पेन काढून दिले आणि माझा नंबर सांगायला लागलो. तिचे लिहून झाले होते. पहिली, उंच मैत्रीण. दुसरी, गेटवरची बाई. तिसरी, आई. आई माझ्याच घरी राहते.
विचारले, आणि मी? ती म्हणाली, बाबा, तीनच रकाने आहेत हो. मग माझी बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली, आणि खाली उतरून बस हलेपर्यंत उभी राहिली.
विचार केला. पहिल्या दोघी पाच मिनिटांत पोचतील. मला सात तास लागतील.
बस सुटून वीस मिनिटे झाली. आत्ता उतरून पळत गेलो, तरी दोघी माझ्या आधी पोचतात.