जैसलमेरचा किल्ला मी चढले

रनाळे, रविवार, संध्याकाळ

नवं लग्न झालं तेव्हा जैसलमेरला गेलो होतो. यांनी मला सासूबाईंजवळ खाली बसवलं आणि स्वतः मित्रांबरोबर किल्ल्यावर गेले. आल्यावर म्हणाले, "वर काय शे? नुसत्या पडक्या भिंती शेतस." जन्मभर तेच ऐकलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो. हे म्हणाले, "तू आठेच बस, तुन्हा गुडघा दुखस." नाही ऐकलं. हे चहाच्या टपरीवर बसले, मी भिंत धरत, धापा टाकत चढले.

वर घरं! माणसं राहतात तिथे. दारात पापड वाळत होते. एका बाईने मला पाणी दिलं. मग पडकं काय होतं? खाली येऊन विचारलं, तर म्हणाले, "तवय ऊन व्हतं. दरवाजापानच बठनूत आम्ही."

म्हणजे हे दरवाजाशीच बसले, वर गेलेच नव्हते. मग मी खाली कशासाठी बसले होते?

आज पाहुणे आले. हे रंगात येऊन सांगू लागले, वर घरं शेतस, बाया पाणी देतस. पाहुण्यांनी माझं विचारलं. "ही खालेच बठेल व्हती."

मी म्हणाले, "खाले तुम्ही व्हतात. वर मी देखं."

सगळे हसले. हेही हसले, आणि पुढचं सांगत राहिले.