आळीतला पाचवा दगडू

तलवाडा, माघ वद्य पंचमी

आज नातवाचं बारसं. मदरशात, म्हणजे आमच्या तेव्हाच्या शाळेत, कविता घोकताना भेटलेलं ‘मकरंद’ हे नाव मी पन्नास वर्षं मनात जपलं होतं. पण सूनबाईला हवा दगडू. तिची आधीची दोन बाळं गेली.

"मकरंद म्हंजी काय, मामंजी?" तिनं पदराआडून विचारलं.

"फुलातला मध."

"मध कुनीबी चाटून नेतंय. दगड कोन नेतंय?"

तरी म्हणालो, "आळीत आधीच चार दगडू हायेत. एकाला हाक मारली की चौघं ओ देतेत."

"त्यातला धाकटा किती वर्साचा?"

"साठीचा."

बोललो मीच, अन् हरलोही मीच. मग लेकीला, बाळाच्या आत्याला, सांगितलं, "कानात दगडूच म्हण. अन् जरा मोठ्यानं. ज्याला ऐकायचं त्याला ऐकू जाऊ दे."