पस्तीस शेरांचा गोटा

कुरखेडा,
१४ एप्रिल १९५७

प्रिय लटारूभाऊ,

हे पत्र तुला खाणीतले तुझे सोबती खुर्शीदभाऊच वाचून दाखवतील. त्यांना म्हणावं, शेवटपर्यंत वाचा, मधलं काही गाळू नका.

आपल्या पाणी आटलेल्या बोडीच्या पाळीवरून सडक जाणार आहे. मागच्या मोजणीत पुरलेल्या लोखंडी खुंट्या शोधायला ओव्हरसियरसाहेबांनी एक यंत्र आणलं, लढाईत सुरुंग शोधायचं. लांब दांड्याला थाळी, आणि कानाला लावायचे डबे. खाली लोखंड असलं की कानात भुणभुण होते. मीही लावून पाहिलं. बोडीच्या कोरड्या गाळावर ते असं किंचाळलं की मी डबे काढूनच टाकले. खणलं तर लोखंडाचा गोळा! खणायला आलेली नीलाबाई ओरडली, "हात नका लावू, फुटन!" साहेब हसले. गोळा भरीव आहे, मधोमध साच्याची शिवण आहे. जुन्या तोफेचा असावा, असं त्यांचं मत.

घेर पंचवीस इंच, वजन पस्तीस शेर. मी नदीतून तेवढ्याच घेराचा धोंडा आणवून तोही तोलला. साडेबारा शेर! बुधूकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, आता धोंडेबी तोलून राह्यली का?"

साहेब गोळा नागपूरला पाठवणार आहेत. सोबतचा कागद भरायचं काम मला दिलं. त्यात एक रकाना होता, आधी कोठे होता. "माहीत नाही लिहा," साहेब म्हणाले. माझा टाक अडला. गोळ्याच्या खाचांत, गंजाखाली, केशरी रंग होता. शेंदूर.

भाऊ, तो मारोतीच्या पारावरचा गोटा आहे. शेंदराच्या थरांखाली साऱ्या गावानं त्याला दगडच समजलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची पोरं तो उचलून ताकद दाखवत; तुझ्या हातून तो पडला, तेव्हा तुझ्या वयाचा झाडू म्हणाला होता, "एवढासा गोटा उचलत नाई, बांगड्या भर!" सकाळी गोटा गायब, आणि सगळे म्हणाले, लटारूनं रागानं देव फेकला.

फेकला मी होता. नऊ वर्षांची होते. पुढच्या वर्षी तुला कोणी हसू नये, म्हणून त्या रात्री घरोघरी जेवणं चालू असताना मी तो उतारावरून ढकलत बोडीत लोटला. तू मार खाल्लास, गाव सोडलंस; मी गप्प राहिले. परवा लोखंड निघालं तेव्हा आधी मला हायसं वाटलं, की हा तो नव्हे, तो तर दगड होता. म्हणूनच तोलत बसले होते. काल रकान्यात 'मारोतीचा पार' लिहिलं आणि पारावर सगळ्यांसमोर सारं सांगितलं. झाडू खाली मान घालून बसला. बाबा उठले, आधी धोंडा उचलून पाहिला, मग गोळा. गोळा हलेना. घाम पुसत म्हणाले, "पोरानं हा मांडीवरी उचलून आणला होता. त्याले लिही, घरी ये म्हणा." म्हणून लिहिते आहे. साहेबांना विनंती करून गोळा पोळ्यापर्यंत इथेच ठेवून घेतला आहे.

तुझी अपराधी, आणि तरीही तुझीच,
वच्छला