मिठातली फोड

माय, परवा आत्या वहिनीच्या मुलीला पडवीत बसवून, कॅलेंडरात अक्षय्य तृतीया लिहितात त्या आखाजीचं सांगत होती. घरातल्या गेलेल्या माणसांना पहिला आंबा, मग आपल्याला. त्यांच्या नावाची घागर भरून होईपर्यंत कैरीसुद्धा तोंडात घालायची नाही. मुलगी आता दहा वर्षांची आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. ‘घाली तं काय व्हई?’ तिनं विचारलं. आत्या बोळक्या तोंडानं हसली. ‘तुन्ही मायले इचार. तिन्ही खादी व्हती, तू पोटमा व्हती तव्हय.’ वहिनी तिथेच गिलक्याच्या बिया राखेत घोळवत बसली होती. ‘खरंच, मम्मी?’ ‘हो,’ वहिनी म्हणाली आणि बिया घोळवत राहिली. मी दारात उभी होते. ती कैरी वहिनीनं खाल्ली नव्हती, मी खाल्ली होती. तू गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. अकरा वर्षांत हे मी तोंडानं कोणाला सांगितलेलं नाही.

आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. मळ्यापासून शाळा लांब होती आणि मला सारखा दम लागायचा, म्हणून तूच शिकवलंस, याच पडवीत. तू समोर कधी बसली नाहीस. पाठीमागे उभी राहायचीस, आणि मी पाटीवर लिहीत असताना तुझा आवाज खांद्यावरून यायचा. मागे वळलेलं तुला चालत नसे. ‘अक्षर तठे नही, पाटीवर शे,’ म्हणायचीस. भाजीपाला लावायचा, काढायचा, वाळवायचा, बरणीत भरायचा, तेही तसंच शिकले. वेलीवरचं काही तोडण्याआधी बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं आणि काय घेतोय ते मोठ्यानं सांगायचं. गिलकी घेतली तर गिलकी म्हणायचं, दोन घेतली तर दोन. कैरीला मीठ लावण्याआधी एक फोड चाखायची, कारण झाड दरवर्षी सारखं आंबट नसतं. हे सगळं मी अजून पाळते. इतकं पाळते की घरात हसतात मला.

त्या वर्षी आखाजीला चार दिवस उरले असताना वारा सुटला आणि मागच्या झाडाच्या निम्म्या कैऱ्या खाली आल्या. तू लावलेल्या झाडाचं फळ टाकून देणार कसं? आत्या म्हणाली, ‘कापा, मीठ लावा, पन तोंडमा घालू नका.’ दुपारी मी विळी घेऊन पडवीत बसले. घरात सगळे पडले होते, आतून कूलरची घरघर येत होती. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाराला बाहेर कुत्रंही दिसत नाही, तू बघितलं आहेस. पान हलत नव्हतं. परात फोडींनी भरली, मी मिठाचा डबा उघडला आणि किती घालायचं ते कळेना. तेव्हा पाठीमागून, गिलक्याच्या मांडवाकडून, तू म्हणालीस, ‘चाखी ले.’

मी वळून बघितलं नाही. माय, मी शपथेवर सांगते, मला घाबरायलाही सुचलं नाही. सवयीनं हात गेला, सवयीनं दात लागले. ‘आंबट शे का?’ तू विचारलंस. ‘शे,’ मी म्हणाले. मग जिभेवर ती आंबट चव पसरली आणि मी काय केलं ते मला कळलं. तुझी पहिली आखाजी अजून व्हायची होती. मी चूळ भरली. उरलेली फोड घेऊन चुलीपाशी गेले, निखाऱ्यात टाकली आणि ती पार काळी होऊन राख होईपर्यंत उभी राहिले. परत येऊन फोडींना मीठ लावलं, बरणीत भरल्या, वर कापड बांधलं. माप अगदी बरोबर पडलं होतं.

आखाजीच्या दिवशी आप्पांनी तुझी घागर भरली, वर खरबुजासारखं डांगर ठेवलं, आंबा ठेवला. गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचे घास आणि तूप घातलं. आगारी पेटली की गेलेलं माणूस जेवलं, हे मला तूच सांगितलं होतंस. ती पेटली नाही. नुसता धूर झाला आणि वाऱ्याशिवाय आमच्या अंगावर आला. आप्पांनी तीनदा तूप घातलं. आत्या म्हणाली, ‘कोन खादी कैरी? खरं सांगा.’ दादा तिला हसवायला म्हणाला, ‘माकडनी खादी व्हई, आत्या.’ कोणी हसलं नाही. सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. तिला पाचवा महिना होता. ‘तिन्हा पोटमा शे ना एक, तेन्हीच जीभ चालनी व्हई,’ आत्या म्हणाली. मी तोंड उघडलं, पण त्याआधी वहिनी खाली बघून म्हणाली, ‘हो, आत्याबाई. मीच खादी.’ आणि चौथ्यांदा घातलेल्या तुपावर आगारी भडकली. माझं तोंड मी मिटून घेतलं.

दोन दिवसांनी मिरच्या पसरताना मी तिला विचारलं, ‘वहिनी, तुम्ही खादीच नही ना? मंग कसाले हो म्हन्या?’ ती म्हणाली, ‘आप्पांचे हात थरथर करी ऱ्हायनात व्हतात. कोनी तरी हो म्हनाले जोयजे ना.’ कोणी खाल्ली हे तिनं विचारलं नाही. तेव्हाही सांगता आलं असतं. त्या उन्हाळ्यात आम्ही तू असतानापेक्षा जास्त वाळवण घातलं. बिबडे, कुरडया, वांग्याच्या फोडी, गवार. तुझ्या वेलींना जणू थांबणं माहीत नव्हतं. आणि दुपारी मी एकटी बसले की समोरच्या ताटावर सावली पडायची. ऊन डोक्यावर असताना, पाठीमागून. मी वळले नाही, एकदाही नाही. सावली ताटाच्या काठापर्यंत यायची, मी काम नीट करत असेन तर मागे सरकायची.

श्रावणात ती बरणी उघडली. आप्पांच्या ताटात मी खिचडी वाढली, वर मिठातल्या दोन फोडी. एक उचलून ते बराच वेळ बघत राहिले. तिला चावा घेतलेला होता. अर्धगोल, आणि मधोमध एक उंचवटा, तिथे दात पोहोचला नव्हता. तुझा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. माझे सगळे सरळ आहेत. ‘अशीच चाखे ती,’ आप्पा म्हणाले. ‘उनी व्हती वं ती. तिन्हा राग गया.’ त्यांनी ती फोड डोळे मिटून खाल्ली. तू गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा ते पोटभर जेवले. आत्यानं वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, ‘माफ करं तुले तिन्ही.’ वहिनीनं बरणीला हात जोडले. तेव्हापासून आप्पा रोज संध्याकाळी झाडाला तांब्याभर पाणी घालतात आणि तुझे आभार मानतात. मोठ्यानं, काय काय मिळालं ते एकेक सांगून.

पुढच्या वर्षी मी आखाजीनंतर तीन फोडींना दात लावले आणि वेगळ्या बरणीत मिठात ठेवल्या. श्रावणात बघितलं तर कडा मऊ पडून सारख्या झालेल्या, खूण कुठे ओळखूच येईना. म्हणजे ती फोड दोन-तीन महिने मिठात नव्हती. ती आदल्या दिवशी चावलेली असावी. किंवा त्याच दिवशी. सगळे म्हणतात ती तुझी माफी होती. मला वाटतं ती वहिनीसाठी नव्हतीच. वहिनीनं काही केलंच नव्हतं, तिला माफ कशाला करशील तू? ती खूण तू मला दाखवलीस. पण ‘मीही चाखली, जाऊ दे’ म्हणून दाखवलीस की ‘मला माहीत आहे’ म्हणून, एवढं मला अजून कळलेलं नाही. खरं सांगितलं तर आप्पांची समजूत मोडेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण परवा ते ‘हो’ ऐकून त्या मुलीनं आईकडे चोराकडे बघावं तसं बघितलं, ते बघितल्यावर मला तेही म्हणता येत नाही.

म्हणून उद्या सकाळी, आत्या आणि मुलगी दोघींसमोर, वहिनीचं नाव यातून काढायचं ठरवलं आहे. पण तुझ्यापासून काही लपवता येत नाही, तर हेही लिहिते. गेल्या वर्षीही मी हेच ठरवलं होतं. असंच पत्र लिहिलं होतं, आणि सकाळी काही न बोलता ते गव्हाच्या कोठीमागे सरकवून दिलं होतं. आज कोठीमागे हात घातला तर ते तिथे नाही. ते तू नेलंस असं मी क्षणभर मानलं, आणि मला बरं वाटलं. पण कोठीमागे दर महिन्याला वहिनी झाडते. तिला वाचता येतं. आणि परवा ती मुलीला ‘हो’ म्हणाली, तेव्हा मी दारात उभी आहे हे तिला दिसत होतं.