माझा हातगुण

२ जानेवारी
संकल्प. एक, सकाळी सातला लॅबमध्ये हजर. दोन, रोज थिसिसची दोन पानं, मग आभाळ कोसळलं तरी. तीन, चहा दिवसातून दोनदाच. चार, शंकासुराच्या नादी लागायचं नाही. शंकासुर म्हणजे आमच्या लॅबमधली ज्युनियर. काहीही सांगा, बाई विचारणार, कशावरून?
पीएचडीचं हे सातवं वर्ष. लोक काहीबाही बोलतात. बोलोत बापडे. कॅन्सरवरचं औषध शोधणं म्हणजे काय पाट्या टाकायचं काम आहे?
सोमवारपासून सुरुवात. आठवड्याच्या शेवटी सुरू केलेलं काम माझ्या हातून टिकत नाही.

५ जानेवारी, सोमवार
उठलो साडेनऊला. पण अंथरुणात थिसिसचाच विचार करत होतो, म्हणजे काम झालंच. चहा चार. पैकी दोन सरांनी पाजले, ते धरायचे नाहीत.

११ जानेवारी
बाबांचा फोन. जन्मभर बसमध्ये कंडक्टर, त्यामुळे प्रश्न ठरलेला: गाडी कुठवर आली? मी म्हटलं, शेवटचा स्टॉप दिसतोय. गेल्या वर्षीही बहुतेक हेच म्हटलं होतं. पण यंदा खरंच दिसतोय. बाबा खूश.
मग म्हणाले, जेवण जात नाही, उजव्या कुशीत दुखतं. मी म्हटलं, गॅस असेल. मागून ताई म्हणाली, मी डॉक्टरकडे नेते. ताईला कशाचाही बाऊ करायची सवयच आहे.

२३ जानेवारी
लॅबमधलं मशीन बंद, म्हणून निवांत. पुढे थिसिसला उपयोगी पडेल म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.
मी जो पदार्थ बनवतो त्याची पावडर पिवळसर, फार देखणी. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घातली की पेशी पटापट मरतात. मी बनवली तर. शंकासुरानं त्याच कृतीनं बनवली, तर पांढरीफटक झाली आणि पेशी मजेत. सर म्हणाले, तुझ्याच हातून कसं काय होतं हे, जरा शोध. सर कौतुकसुद्धा तिरकंच करतात. बाबांना सांगितलं तर त्यांनी एका शब्दात निकाल लावला. हातगुण.
तसं माझं एक गुपित आहे. काळ्या. आम्ही फ्लास्कमध्ये बोटाच्या पेराएवढं मॅग्नेट टाकतो, खालचं मशीन ते गरगर फिरवतं आणि मिश्रण ढवळलं जातं. सगळ्यांची मॅग्नेटं पांढरी. माझं मात्र एका जुन्या सिनियरनं टाकून दिलेलं, वापरून वापरून काळं पडलेलं, एका टोकाला चीर गेलेलं. पहिलं यश आलं ते काळ्यावर. तेव्हापासून दुसरं वापरत नाही. कोणी हात लावू नये म्हणून खणात, मोज्यात गुंडाळून ठेवतो. याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

१४ फेब्रुवारी
ताईचा फोन. गॅस नव्हता. लिव्हरमध्ये गाठ आहे. वाईट आहे.
काही सुचत नाही. चहा मोजले नाहीत.

१६ फेब्रुवारी
घरी जाऊन आलो. डॉक्टर म्हणतात, गाठ काढण्यासारखी नाही, पण इंजेक्शनं लगेच सुरू करू. त्रास होईल, पण उपयोगही होईल. बाबा त्यांना म्हणाले, माझा मुलगा ह्याच्यावरचंच औषध बनवतोय, मी थोडं थांबतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बुटाची लेस बांधत होतो.
बाहेर आल्यावर ताई म्हणाली, तू सांग त्यांना, तुझंच ऐकतील. मी सांगितलं. म्हणजे म्हटलं, बाबा, नीट विचार करून ठरवा. याहून स्पष्ट काय सांगायचं? बाबा म्हणाले, तुझी गाडी आली की बसेन, दुसऱ्याच्या गाडीत धक्के कशाला खाऊ?
इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, छाती फुगली.

२ मार्च
जुने संकल्प रद्द, परिस्थिती बदलली. आता सहाला लॅबमध्ये. चहा बंद. बाबांसाठी.

३ मार्च
डोकं दुखलं. चहा हा संशोधनाचा भाग आहे, बंद करणं चूक होती.

९ मार्च
ताई फोनवर कडाडली. बशीतल्या पेशी मेल्या म्हणून माणूस बरा होतो का, बशीपासून बाटलीपर्यंत यायला दहा-दहा वर्षं लागतात, हे तूच सांगायचास ना, म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की बाबांचं मन खचेल असं घरात बोलू नकोस. ताईला विज्ञान कळत नाही. दहा वर्षांचं मीच सांगितलं होतं, हे खरं. पण ते साधारण औषधांबद्दल.

२७ मार्च
शंकासुरानं आज काळ्याला पाहिलं. म्हणाली, एकदा नव्या मॅग्नेटवर करून बघ ना. याच्या चिरेत जुन्या प्रयोगांमधला धातू अडकला असेल, तोच पावडरीत उतरून पेशी मारत असेल. मी विचारलं, कशावरून? तिचाच शब्द तिच्या तोंडावर. पण बाई निरुत्तर होईल तर शपथ. म्हणाली, करून बघितल्यावरच कळेल.
मी सुनावलं, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःला जमत नाही आणि खापर माझ्या मॅग्नेटवर! नंतर काळ्याला आणखी एका मोज्यात गुंडाळलं. शिस्त म्हणून.

१५ एप्रिल
नवं मॅग्नेट वापरायला माझी काहीच हरकत नाही. फक्त हवा सध्या दमट आहे. शिवाय कपाटात डबाभर नवी मॅग्नेटं आहेत, पण हव्या त्या मापाचं एकही नाही. म्हणजे आहे एक, पण ते मनातून उतरलंय.
बाबांना फोन केला. आवाज फार बारीक झालाय. गाडी कुठवर आली? म्हटलं, सिग्नलला थांबलीय. हसले. हसता हसता ठसका लागला. ताईनं फोन घेतला आणि ठेवून दिला.

६ मे
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. नव्या मॅग्नेटवर करून दाखव, नाहीतर थिसिसवर सही करणार नाही. सरसुद्धा शंकासुराच्या कह्यात गेले. ठीक आहे, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. हातगुण माझा आहे, मॅग्नेटचा नाही.

२१ मे
पावडर झाली. पांढरी. पांढरीसुद्धा देखणीच दिसते म्हणा.

२९ मे
पेशी जिवंत. सगळ्या. बायोलॉजीवाल्यांनी काहीतरी घोळ घातलाय. ह्या लोकांना एक काम धड जमेल तर. पुन्हा करायला सांगितलंय.

४ जून, दुपारी
पुन्हा जिवंत.
शंकासुरानं काळ्याला मागून नेलं होतं. मी दिला, कारण नाही कशाला म्हणायचं ते सुचेना. तिनं बाकी सगळं तसंच ठेवलं, फक्त माझा पदार्थ ज्यातून बनतो तो कच्चा माल घातलाच नाही, आणि काळ्यानं ढवळलं. ते पेशींवर टाकलं. पेशी मेल्या.
म्हणजे माझ्या पदार्थानं आजवर काहीही केलेलं नाही. कधीच नाही. काळ्यातली घाण पेशी मारत होती. त्या घाणीनं चांगल्या पेशीही मारल्या असत्या.
कागद दाखवताना शंकासुरानं जिंकल्यासारखं तोंड केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चहा आणून दिला. बराच वेळ शेजारी बसून राहिली.
बाबांना सांगायला हवं. इंजेक्शनं लगेच सुरू करायला हवीत. आजच निघतो.

५ जून
आज कपडे धुवायचे राहिले होते. उद्या नक्की.

८ जून
पोचलो. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. आधी डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, बाबांना मी समजावतो, तुम्ही सुरू करा. डॉक्टर म्हणाले, आता ते शरीराला झेपणार नाही, आता फक्त दुखू द्यायचं नाही एवढंच. म्हणाले, फेब्रुवारीत आला होतात तेव्हा... पुढचं मला येत होतं.
ताई व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी सगळं सांगितलं. मॅग्नेट, चीर, पांढरी पावडर, सगळं. मला वाटलं ओरडेल. तिनं फक्त विचारलं, जेवलास का?

९ जून
बाबांना घरी आणलंय. वाक्यं पाठ करून त्यांच्या खोलीत गेलो. अंगावरची चादर सपाट दिसत होती, आत माणूस आहे की नाही असं वाटावं. मला बघून डोळे उघडले. म्हणाले, आणलंस?
मी हो म्हटलं.
का म्हटलं, देव जाणे. स्वयंपाकघरात गेलो. पेलाभर पाणी, साखर, चिमूटभर मीठ. चमच्यानं ढवळत राहिलो, कितीतरी वेळ. ताई दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही.
बाबांनी माझ्या हातून अर्धा पेला घेतला. डोळे मिटून म्हणाले, फरक वाटतोय रे.
उद्या खरं काय ते सांगायचं. उद्या म्हणजे उद्या.

१० जून
दिवसभर झोपून होते. झोपमोड कशाला करायची?

१२ जून
आज बाबा गेले. सांगायचं राहिलं.

३० जून
लॅबमध्ये सातला हजर. झोपच लागत नाही, मग काय करणार? सर म्हणाले, काय चुकलं आणि ते कसं सापडलं, हेच लिही, थिसिस होईल. शोधून काढलं शंकासुरानं, असं मी स्वच्छ लिहिलंय. दोन पानं झाली. सात वर्षांत संकल्पाप्रमाणे पहिल्यांदाच. पदवी मिळेल असं दिसतंय. मिळाली की बाबांना फोन करू, असं मनात येऊन गेलं.
संध्याकाळी ताईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, एक सांगू का, बाबा सांगू नको म्हणाले होते. त्या दिवशी मी पेला विसळायला बाहेर गेलो, तेव्हा बाबा तिला हळूच म्हणाले होते, साखर जरा जास्तच पडली. पण पोरानं मन लावून ढवळलंय, त्याला बोलू नकोस.
मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.