बारा सुरांत माझा सा

पिंप्राळा, जळगाव
ता. ९ फेब्रुवारी १९८८

ती. द्रौपदाअक्कास,
धाकट्या झिपरूचा जयभीम. तुझा गुडघा कसा आहे, तेल लावतेस की नुसती बाटली समोर ठेवून बसतेस, ते कळव. माझी तब्येत बरी आहे. (झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं. बाकी बरी.)

सगळं नातीच्या पियानोमुळे. मंजुळा चर्चमागच्या इंदिराबाईंकडे चार वर्षं शिकते, मी रोज तिला पोचवतो आणि व्हरांड्यात बसून ऐकतो. (शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जलशात तीस वर्षं पेटी वाजवली, सूर मला कळतो.) यंदा मोठ्या परीक्षेला बाईंनी नव्या जमान्याची चीज दिली. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोर पियानो पुसतेय. दुसऱ्या दिवशी वाटलं, आत उंदीर शिरला. तिसऱ्या दिवशी मी जाऊन म्हणालो, बाई, पोरीचं चुकलं असेल तर मला बोला.

बाईंनी चहा दिला आणि समजावलं, की यात सा नसतोच. बाराही सूर सारख्या मानाचे. एक वाजला, की बाकीचे अकरा वाजेपर्यंत त्याने पुन्हा तोंड उघडायचं नाही. अक्का, कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही, हे गावोगाव कोण गात फिरलं? मीच ना. तेच आता पोर बोटांनी करते, तर मला घाम फुटतो. तत्त्व पटतं, पण ऐकताना बिनदोराची बादली विहिरीत सोडल्यासारखं होतं. (इथे उठून दाराची कडी बघून आलो. तिसऱ्यांदा.)

मग परवा माझ्या हातून ते घडलं. रंगीत तालमीला नाशिकचे एक जाणकार सर आले होते. मी पेटी पोत्यात घालून सायकलवर नेली आणि खिडकीखाली बसलो. जलशात नवखा गाणारा घाबरला, की आपण पेटीवर सा धरून ठेवतो, मग तो भरकटून जाणार कुठे? तसाच धरला. अगदी हळू. (भाता जुना आहे, तो मधेच रेड्यासारखा ओरडला, त्याला मी काय करू.) पोर तीनदा थांबली, तीनदा पहिल्यापासून निघाली. शेवटी बाहेर आली आणि म्हणाली, "आबा, तुमना सा तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या." (म्हणजे माझा सा मी माझ्याजवळच ठेवायचा.) सर म्हणाले, हिला ही चीज झेपत नाही, जुनंच काही घ्या. ती म्हणते, वाजवीन तर हीच. परीक्षा वीस तारखेला. माझ्यापायी नापास झाली तर मी तोंड कुठे दाखवू? तीन दिवस बोलत नाही. मीठ मागितलं तर बरणी सरकवते.

तुझा धाकटा,
झिपरू

ता. क. - अठरा तारखेला इथे मिळेल असं कार्ड टाक. अक्काला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं आहे, झिपरूने धुळ्याला यावं, असं लिही. म्हणजे परीक्षेच्या दिवशी मी इथे नसेन, आणि मला घरातून हाकललं असंही दिसणार नाही. डोळे खरोखर बिघडायची गरज नाही.

दुसरा ता. क. - कार्ड टाकू नकोस. आत्ताच मंजुळा येऊन बोलून गेली. परीक्षेत पानं उलटायला माणूस लागतो, आणि बाईंना आत बसू देत नाहीत. तीन महिने ती चीज रोज ऐकलेला माणूस जळगावात मी एकटाच. पान उलटायला ती रोज कुठे अडते, ते मला पाठ आहे, असं ती म्हणते. (तपासून पाहिलं. आहे.) अट एकच, तोंडातल्या तोंडातसुद्धा सा धरायचा नाही. तूच सांग अक्का, ती चार मिनिटं मी श्वास कुठल्या सुरात घेऊ?