वसूमावशीच्या दारावरची बेल

हेब्बाळ, बेंगळुरू
१२ एप्रिल २०२३

ती. आईस, तुझ्या भटक्याचा शि. सा. न.

फोनवर मी दोन मिनिटांत पळतो, म्हणून तू पत्र लिहायला लावलंस. लिहून राहिलो, मावशीच्या गाडीत, सिग्नलला. तळ्यावर आत्ता झोळीसारख्या चोचीचा एक पक्षी उतरला. तो बघण्यात मागच्यांचे हॉर्न खाल्ले.

तर वसूमावशी खरंच आमदारकीला उभी राहतेय, अपक्ष. लिफ्टच्या कंपनीत सेल्सपासून दक्षिण विभागाच्या प्रमुखपदापर्यंत गेलेली तुझी बहीण. सोसायटीत पाणी टँकरनेच का येतं, हे विचारायला ती एका ऑफिसात गेली. तिथला माणूस म्हणाला, निवडून येऊन बघा. तिने दिवाळीत नोकरीच सोडली. आता रोज सकाळी मीटिंग, भिंतीवर तक्ता, प्रत्येकाला टार्गेट. दारोदारी आम्ही फिरतो, ती गाडीत बसून फोनवर सगळ्यांना हलवते.

माझं टार्गेट मराठी मतं. मी चैत्रगौरीचं एक मोठं हळदीकुंकू हेरलं आणि मावशीला घेऊन गेलो. काय गर्दी! आंब्याची डाळ मी तीनदा घेतली. मावशी बोलली, टाळ्या झाल्या, सेल्फी झाले. शेवटी तिने सहज विचारलं, की तुमचं मतदान कुठल्या शाळेत असतं. कुणाचं पुण्यात, कुणाचं ठाण्यात, कुणाचं आपल्या नागपुरात. हेब्बाळचं मत एकीचंही नाही. माझंही मत नागपुरातच आहे, हे मग मी सांगितलंच नाही.

तू तिला एकदा फोन कर ना. लोभ असू दे, रागासकट.

तुझा,
मल्हार

---

नागपूर
१८ एप्रिल

चि. मल्हारास आशीर्वाद, आणि एका जागी बसायची बुद्धी.

हसून पुरेवाट झाली. तुझ्या त्या अख्ख्या हळदीकुंकवात एक मत नाही, आणि माझं नागपुरात बसून हेब्बाळातच आहे. लग्नानंतर नाव काढून घ्यायचं राहिलं ते राहिलंच. माझे आप्पाजी होते तोवर मत द्यायच्या निमित्ताने मला माहेर व्हायचं. ते गेले, मग तेही संपलं.

फोन मात्र मी करणार नाही. तुझे बाबा शेवटचे अंथरुणावर होते, तेव्हा मी वसूला ये म्हणून कळवलं होतं. तिची मीटिंग होती. तिने ऑफिसातला माणूस पाठवला, फळांची करंडी घेऊन. भला होता बिचारा, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या त्याने. पण मला बहीण हवी होती. आता परक्यांच्या दारी मतं मागतेय म्हणे. सरी, ठीक आहे, मागू दे.

डाळ बाधली नाही ना? जेवणावर लोभ ठेव, उरला तर आईवर.

तुझी आई

---

हेब्बाळ
२५ एप्रिल

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

मावशीला चिन्ह मिळालं, दारावरची बेल. पत्रकावर बेलकडे बोट दाखवलेला तिचा फोटो आहे. आयुष्यात स्वतः किती वाजवल्यात कुणास ठाऊक.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. रागावू नकोस, राहवलं नाही. करंडीच्या ओळीला ती उठून गॅलरीत गेली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये विचारते, की नागपूरला कोण जाऊन येईल. मी सगळ्यांसमोर म्हणून गेलो, की मावशी, याही वेळी माणूसच पाठवणार का. तिने मला चिकटपट्ट्या आणायला बाहेर काढलं. पट्ट्या आणायला गेलो तो कोरमंगलाला एका मित्राकडे पोचलो, आणि संध्याकाळी पट्ट्यांशिवाय परत. बहुतेक माझी नोकरी गेली. बॅग भरून ठेवली आहे, गोकर्णला निघतो म्हणतो.

लोभ गोकर्णच्या पत्त्यावरही पोचतो ना?

मल्हार

---

नागपूर
३० एप्रिल

चि. मल्हारास आशीर्वाद. बॅग उघड.

काल भर दुपारी, बाहेर कावळाही नव्हता तेव्हा, बेल वाजली. मी आतूनच बघितलं. वसू. बरोबर कुणी नाही, हातात ते पत्रक, चेहरा लालबुंद. मी तिला परत एकदा बेल वाजवू दिली. मग उघडलं.

आधी पाणी मागितलं. मग तुझ्या बाबांची खाट असायची तिथे, खाली फरशीवर बसली. म्हणाली, की अक्का, मी यायला हवं होतं. इतक्या वर्षांत या घरात मला अक्का म्हणणारं कुणी आलं नव्हतं रे. मी स्वल्प रडले, ती जास्त. पिठलं-भात खाऊन संध्याकाळच्या विमानाने गेली. मत मागितलंच नाही. पत्रकसुद्धा पर्समध्ये परत घेऊन गेली.

तिकीट मी काढलंय, नवव्या तारखेला पोचते. मत कुणाला देईन ते विचारायचं नाही. माझ्यासाठी खोली झाडून ठेव, आणि लोभही.

आई

---

हेब्बाळ
१९ मे

ती. आईस शि. सा. न.

तू परतलीस आणि दुसऱ्याच दिवशी निकाल. मावशी पडली, चांगलीच पडली, डिपॉझिटसकट. मीटिंगवाले म्हणतात, प्रचाराचा एक अख्खा दिवस नागपुरात घालवला, कोण करतं असं. मावशीने ऐकून घेतलं, तक्ता भिंतीवरून काढला आणि चपला घालून निघाली. मी गाडीची किल्ली घेतली, तर नको म्हणाली. आता रोज पायी जाते आणि एकेक बेल वाजवून विचारते, की पाण्याचं काय करायचं. निवडणूक संपली, हिला कुणीतरी सांगा, असं लोक म्हणतात. काही जण चहा देतात. मी मागून जातो. मध्येच हरवतो, पण जातो.

बॅग अजून दारातच आहे. रोज तिला ठेचकाळतो.

आणि एक. परवा मला टपालाने आलेल्या पाकिटात तू मावशीसाठी घडी घातलेली चिठ्ठी टाकलीस, ती मी तशीच परत पाठवतोय. न उघडता, शपथ. तिच्या नावाने वेगळं पाकीट कर आणि तिच्या पत्त्यावर टाक. माझ्या हाती देणं म्हणजे तूही माणूसच पाठवल्यासारखं झालं.

लोभ दोघी बहिणींनी वाटून घ्या, उरलेला मला चालेल.

तुझा,
मल्हार